चावीवाले सर

आमच्या सरांना 'कसे आहात' असं कधीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं. "थकलोय. बाकी ठीक." सकाळी सहाला विचारा, संध्याकाळी विचारा, सामना जिंकल्यावर विचारा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी आजार असेल. आमच्या संघात बॉल टाकणारी, म्हणजे पिचर, शबाना मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजारी न्हाईत गं. त्यांचा नमस्कारच तसला हाय."

सर म्हणजे शाळेतले सर नव्हते. ते पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या भागाची पाळी असेल त्या भागात चावीवाला येतो, रस्त्यातला व्हॉल्व्ह उघडतो आणि वेळ संपली की बंद करून पुढच्या गल्लीत जातो. सर भवानी पेठेच्या आसपासच्या गल्ल्यांचे चावीवाले होते. त्यांच्या स्कूटरला खांद्याइतकी उंच लोखंडी चावी आडवी बांधलेली असायची, आणि पाय ठेवायच्या जागेवर सॉफ्टबॉलच्या सामानाचं पोतं. नवीन माणसाला वाटायचं, हे सगळं नळाच्याच कामाचं आहे.

ते खेळाडू निवडायचे तेही पाणी सोडताना. शाळेत जाऊन मुलींना रांगेत उभं करून पळायला लावणं वगैरे त्यांनी कधी केलं नाही. व्हॉल्व्ह उघडायचा आणि चावीवर दोन्ही हात ठेवून गल्लीकडे बघत उभं राहायचं. पाणी आल्यावर माणसाचं खरं कळतं, असं ते म्हणायचे. कोण पळतंय, कोण भांडतंय, कोण भरलेली कळशी न सांडता दोन जिने चढतंय.

मी सापडले ती पाइपमुळे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. मी खालून पाइपचं टोक वर आईकडे फेकायचे. त्या दिवशी एका फेकीत ते आईच्या हातात गेलं.

"ए पोरी," मागून आवाज आला. "खाली घे आन परत फेक."

मला वाटलं, पाइप लावायला मनाई असेल. घाबरून परत फेकलं. परत आईच्या हातात.

"उद्या सकाळी सहाला मैदानावर ये. उद्या तुमच्याकडं पाणी न्हाय. ती सबब सांगायची न्हाय."

आईनं वरूनच विचारलं, "कसला खेळ म्हणायचा हा?"

"सॉफ्टबॉल."

"क्रिकेटच की मग."

"न्हाय ओ. बॉल मारायचा आन चौकोनात पळायचं. तीन बेस घेऊन परत जिथनं निघालो तिथं यायचं. त्याला होम म्हणतात. घर."

"सगळं पळून परत घरीच यायचं?"

"व्हय."

"मग पोरगी घरीच हाय की."

सरांनी घड्याळ बघून व्हॉल्व्ह बंद केला आणि गेले. आईच्या दोन घागरी भरायच्या राहिल्या. तिनं तो राग बरीच वर्षं धरला.

आमची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायचीच नसत. आम्ही सगळ्या आपापल्या जागेच्या नावानं ओळखल्या जायचो. मी डाव्या बाजूला लांब उभी राहायचे, म्हणून 'लेफ्ट'. शबाना 'पिचर'. भाजी मंडईत एका बाईला हाक मारून, "काय सेकंड बेस, कितवीला गेली पोरगी?" असं विचारताना मी त्यांना ऐकलंय. ती बाईही पदर सावरून, "दुसरीला, सर," असं म्हणाली. तिला त्या नावाचं काही वाटलं नाही. उलट जरा ताठ उभी राहिली.

नाव नसलं तरी प्रत्येकीच्या घरी पाणी कधी येतं ते त्यांना पाठ होतं. सराव त्यावरच ठरायचा. घरात पाणी भरायचं काम मुलींचं, आणि पाण्याच्या दिवशी कुठलीच आई मुलीला सोडत नाही. त्यामुळे आज कॅचर नाही, उद्या पिचर नाही, असं चालायचं. सगळ्या गल्ल्या कोरड्या असतील असा दिवस आठवड्यात एखादाच. त्या दिवशी आम्ही पूर्ण सामना खेळायचो. बाकीच्या शहराला त्या दिवसाचं दुःख असेल, सरांच्या चेहऱ्यावर मात्र त्याच दिवशी जरा तरतरी दिसायची.

त्यांच्या हातात पाणी होतं, पण त्याचा उपयोग त्यांनी कधी केला नाही. एकदा जिल्ह्याच्या सामन्याच्या आदल्या दिवशी आई खाली उतरली. म्हणाली, "सर, पोरगी तुमच्यापायी चार दिवस नसणार. भरायला मी एकटी. आज दहा मिनिटं जादा सोडा की."

"न्हाय जमायचं, वैनी."

"दहा मिनिटं ओ. कोण बघतंय?"

"पुढच्या गल्लीतल्या दहा मिनिटं कमी भरतील की."

"मग पोरगीबी न्हाय यायची."

सर चावी फिरवत होते. थांबले नाहीत. "न्हाय आली तर तिच्याबिगर खेळतो," म्हणाले.

आईनं मला पाठवलं, पण वर येऊन टॉवेलच्या कडा शिवायला बसली तेव्हा मशीनपेक्षा तिचंच तोंड जोरात चालू होतं. "असला कसला माणूस. पोरी दिवसभर उन्हात घेतो आन पाणी मिनिटभर जादा देत न्हाय."

आमच्या मैदानाला मैदान म्हणायचं ते सवयीनं. पहाटे भरतीची तयारी करणारी मुलं तिथं गोल पळायची आणि आमच्या दुसऱ्या बेसवरून जायची. सातनंतर क्रिकेटवाले यायचे. लग्नसराईत एका कोपऱ्यात मांडव पडायचा, आणि नंतर आठवडाभर आम्ही खिळे वेचायचो. सर दररोज फक्कीनं रेघा मारायचे. त्या दररोज पुसल्या जायच्या. मी एकदा विचारलं, "सर, रोज कशाला मारता? पाठ झालंय की आम्हाला." ते डबा हलवत म्हणाले, "रेघ नसली तर भांडण कशावर करायचं?"

ते थकायचे ते मात्र मैदानामुळे नाही, असं आता मला वाटतं. ते थकायचे मुली जाण्यामुळे. चार वर्षं शिकवलेली मुलगी एका सकाळी यायची नाही. मग दुसऱ्या दिवशी नाही. सर तिच्या घरी जायचे, पण एकदाच. दुसऱ्यांदा गेलं की लोक वेगळं बोलतात, म्हणायचे. तिथं बसायचे, चहा घ्यायचे, उठायचे. परत आले की आम्ही विचारायचो नाही. ते स्वतःच पोत्याची गाठ सोडता सोडता बोलायचे. "पोरगी तयार व्हायला चार वर्षं लागतात. जायला एक पाहुणा पुरतो." आणि मग दुसऱ्या एखाद्या मुलीला त्या जागेवर उभं करून पहिल्यापासून सुरुवात. ग्लोव्ह असा धर. बॉलला भिऊ नको. डोळे मिटू नको.

कौतुक त्यांना येत नव्हतं. फार झालं तर "चाललंय" म्हणायचे. मला सहा वर्षांत ते तीनदा मिळालं, मी मोजलंय. आनंदानं सांगितलेली त्यांची एकच गोष्ट आठवते. त्यांची जुनी थर्ड बेस वाहतूक पोलीस झाली होती. एका चौकात तिनं हेल्मेट नाही म्हणून स्कूटर अडवली आणि जवळ आल्यावर बघते तर सर.

"सर, जावा की. मी ओळखलं न्हाय."

"आता ओळखलंस न्हवं? पावती फाड."

"असं कसं सर, तुमची..."

"अडवलंस ना? मग आउट म्हणजे आउट."

तिनं रडत रडत पावती फाडली. ही गोष्ट सर आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे आणि शेवटी पावती काढून दाखवायचे. ती त्यांनी पाकिटात देवाच्या फोटोमागे ठेवली होती. शबाना म्हणायची, "लोकांची पोरं मेडल दाखवतात, आमचे सर दंड दाखवतात."

त्यांच्या दोन पद्धती इथं नीट सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

पहिली अशी, की सरावात पंच नसायचा. जी बाद झाली तिनं स्वतः हात वर करायचा. बेसवर आधी पाय लागला की आधी बॉल आला, हे दुसऱ्या कुणाला कळो न कळो, जिचा पाय आहे तिला कळतंच, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी आम्ही खूप चोऱ्या केल्या. सर नुसते बघत राहायचे, आणि ते बघणं इतकं कंटाळवाणं असायचं की हात आपोआप वर जायचा. दोन वर्षांनी आम्ही जिल्ह्याच्या सामन्यातसुद्धा पंचाच्या आधी हात वर करायला लागलो. बाकीचे संघ आम्हाला हसायचे. पंच मात्र सरांना नावानं ओळखायचे. सर स्वतःही पंच म्हणून जायचे, आणि कुठं वाद झाला की "सरांना विचारा" असं ठरून गेलेलं.

दुसरी पद्धत ग्लोव्हजची. आम्ही अठरा मुली आणि ग्लोव्हज नऊ. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं जागेचा नंबर. माझ्या जागेचा सात. सरावात दोन संघ करून खेळताना बाजू बदलली की ग्लोव्ह काढून आपल्या जागेवर जमिनीवर ठेवायचा आणि मारायला यायचं. समोरची तोच घालणार. "ग्लोव्ह जागेचा हाय, तुझा न्हाय," असं सर म्हणायचे. सहा वर्षं रोज तेच. हात आपला आपण ग्लोव्ह काढायचा, डोक्याला कळायचंही नाही.

स्पर्धेत मात्र उलटं. तिथं ग्लोव्ह घेऊन यायचा. नियमच आहे, मारणाऱ्या संघाचं सामान मैदानात राहिलं आणि बॉल त्याला लागला, तर खेळ तिथंच थांबतो. धाव धरत नाहीत आणि पळणारी बाद. हा नियम सरांनी आमच्याकडून पाठ करून घेतला होता. तरी सवयीचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक इनिंगनंतर ते बाकाखाली वाकून ग्लोव्हज मोजायचे. नऊ झाले की मगच पाणी प्यायचे.

मी बारावीत असताना आमचा संघ राज्य स्पर्धेला गेला. दुसऱ्या जिल्ह्यात होती. सगळ्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती, चार दिवस तेच. माझं त्या स्पर्धेवर काय अवलंबून आहे ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. एका कॉलेजात खेळाडूंसाठी जागा होती. राज्यात पहिल्या तीन संघांत आलेल्या मुलीला प्रवेश आणि शेवटच्या वर्षापर्यंत फी माफ. आप्पा टॉवेलच्या कारखान्यात आहेत. ते वाईट नाहीत. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "तिसरा नंबर आणलास तर शीक. मी आडवा येणार न्हाय. न्हाय आणलास तर कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालायला ये, तितं माणूस लागतोय." मग खाली जाऊन पाणी सोडायला आलेल्या सरांनाही तेच सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू."

आम्ही उपांत्य सामना हरलो. तिसऱ्या नंबरासाठी विदर्भातल्या एका संघाशी गाठ पडली.

शेवटची, सातवी इनिंग. धावा दोघांच्या सारख्या. आधी त्या मारत होत्या. दोन बाद झाल्यावर त्यांच्या मुलीनं उंच मारला आणि बॉल माझ्याकडे आला. ऊन डोळ्यावर होतं. मी मागे मागे गेले आणि तो घेतला. आयुष्यातला सगळ्यात चांगला झेल होता तो. आता आमची पाळी. मी बॉल उंच धरून पळत आले, सगळ्यांनी पाठीत गुद्दे घातले. सर म्हणाले, "चाललंय." ते तिसरं.

मी बाकावर मागे बसले. आमच्या दोघी बाद झाल्या. शबाना दुसऱ्या बेसवर पोचली होती. मधल्या गडबडीत राहिलेलं काम सरांनी आता केलं. बाकाखाली वाकून मोजायला लागले. माझ्या पायाशीच त्यांचं डोकं होतं, पण मी बसलेय याकडे त्यांचं लक्ष नसावं. "सहा, सात, आठ." पुन्हा एकदा मोजले. मग अगदी हळू म्हणाले, "सात नंबर."

मी डावीकडे पाहिलं. वाळक्या गवतात, मी झेल घेतला होता तिथून थोडं पुढं, एक तपकिरी ढेकूळ दिसत होतं. ते ढेकूळ नाही हे मला कळलं.

सर सरळ झाले आणि पंचाला थांबवायला त्यांनी हात उचलला. हात खांद्याच्या वर गेला नव्हता, तेवढ्यात आमच्या मुलीनं मारला.

बॉल सरपटत डावीकडे गेला. त्यांची मुलगी, वेणीला पिवळी रिबन होती तिच्या, पुढं पळत आली, गुडघ्यावर बसली, ग्लोव्ह जमिनीला टेकवला. सगळं बरोबर केलं तिनं. बॉल तिच्यापर्यंत आलाच नाही. तिच्या हातभर आधी उडाला आणि बाजूनं लांब मागे गेला. शबाना तिसऱ्या बेसवरून न थांबता घरी आली.

आमच्या सगळ्या मुली ओरडत मैदानात घुसल्या. बाकाखालचे ग्लोव्हज उचलून त्यांनी उंच फेकले, ते इकडं तिकडं पडले. पंच आणि समोरच्या संघाचे सर त्या मुलीच्या खुणेवरून तिथं जाईपर्यंत गवतात आमचे चार-पाच ग्लोव्हज पसरलेले होते.

ती मुलगी सांगत होती, "ग्लोव्हला लागला सर. इथंच होता. मी पाहिलं ना."

तिचे सर म्हणाले, "बॉल सोडला ते सोडला, आता खोटं सांगतेस का?"

पंच आमच्या बाकाकडे आले. वयस्कर होते, सरांना चांगले ओळखत होते. त्यांनी विचारलं, "सर, खेळ चालू असताना तुमचा ग्लोव्ह होता का तिथं? तुम्ही सांगा, विषय संपला."

मी बाकावरच होते. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. माझी जागा, माझा ग्लोव्ह. हात वर करायला किती वेळ लागतो? मी झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

सर म्हणाले, "नव्हता. आत्ता फेकलेत पोरींनी."

"झालं मग," पंच म्हणाले, आणि वहीवर सही केली.

आम्ही हरलोच असतो असं नाही. धाव धरली नसती, खेळ पुढे चालला असता, पुढच्या इनिंगमध्ये कदाचित जिंकलोही असतो. पण तेव्हा आम्ही जिंकलो नव्हतो. एवढं मला तेव्हाही कळत होतं.

येताना एसटीत सर झोपले नाहीत. एरवी गाडी सुटायच्या आत त्यांची मान पडायची. शबाना त्यांच्यासमोर भाकरी घेऊन गेली, "सर, खावा की थोडी, जिंकलोय आपण." ते म्हणाले, "थकलोय." आणि बाकी ठीक म्हणायचं राहून गेलं. ते फक्त माझ्या लक्षात आलं असेल.

त्यानंतर महिन्याभरातच आम्हाला दिसलं की सरावात सर स्वतः आउट द्यायला लागलेत. एकदा शबानानं सवयीनं हात वर केला तर म्हणाले, "असू दे. मी बघतो." आम्हाला वाटलं, वयामुळे घाई करत असतील.

मी कॉलेजात गेले. त्याबद्दल फार लिहीत नाही. वर्गात सर-मॅडम इंग्रजीत शिकवायचे आणि मी मागच्या बाकावर नुसतं उतरवून घ्यायचे. घरी विचारायला कुणी नव्हतं. आप्पा माझी पुस्तकं उचलून वजन बघायचे आणि "लई हाय की" म्हणून खाली ठेवायचे. दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिले. ऑफिसात माझ्या नावापुढं 'खेळाडू' असं लिहिलेलं दिसायचं, आणि दर वेळी मला ती गुडघ्यावर बसलेली मुलगी दिसायची. तिलाही तिकडं कुणीतरी असंच सांगितलं असेल का, तिसरा नंबर आणलास तर शीक? हे जिला विचारावं असं माझ्याकडे कुणी नव्हतं आणि विचारायचं धाडसही नव्हतं. तिसऱ्या वर्षाला मी ठरवलं की सोडायचं. कारखान्यात अजून माणूस लागतच होता.

सोडण्याआधी सरांना सांगावं म्हणून एका रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेले. ते आता निवृत्त झालेत. गुडघे गेलेत. मैदानावर शबाना मुलींना घेते. ती खासगी दवाखान्यात कामाला आहे, पण पहाटे येते.

काकूंनी दार उघडलं. सर आत शेंगा फोडत बसले होते. काकू मला स्वयंपाकघरात चहा टाकता टाकता म्हणाल्या, "बरं झालं आलीस. कुणाशी बोलतच न्हाईत. पंच म्हणून बोलवायला अजून माणसं येतात. खुर्चीवर बसून करायचं काम, बसून करा म्हणतात. हे जात न्हाईत. तुमची ती राज्याची झाली ना, तवापासनं एकदाबी गेले न्हाईत. इचारलं की थकलोय."

मी चहा घेऊन बाहेर आले. सर म्हणाले, "बस, लेफ्ट. कितवं वर्ष?"

"तिसरं. पण सर, मी सोडणार आहे."

"का?"

"दोन विषय राहिलेत."

"मग दे की ते. त्याला सोडतंय व्हय कुणी?"

"सर, ती जागा माझी नाही."

ते शेंगा फोडत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "कुणी काय सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तुम्ही ग्लोव्हज मोजत होता तेव्हा मी तिथंच बसले होते. मागं."

शेंग त्यांच्या बोटात तशीच राहिली.

"म्हणजे बॉल मारायच्या आधी?"

"व्हय."

"आन पंच इचारत हुते तवा?"

"तेव्हाही माहीत होतं."

त्यांनी शेंग ताटलीत ठेवली आणि हात खांद्यावरच्या पंच्यानं पुसले. आत काकूंनी भांडी घासून संपवली.

"मला वाटत हुतं," सर म्हणाले, "शेण मी एकट्यानंच खाल्लं."

मला रडू आलं नाही. यावं असं वाटत होतं. मी सांगून काय केलं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं त्यांच्याकडे एवढं एकच उरलं होतं, की आपण बिघडलो पण पोरगी बिघडली नाही. तेही मी काढून घेतलं.

"ग्लोव्ह तितं ठेवायची सवय मीच लावली तुला," ते थोड्या वेळानं म्हणाले. "ती तुला लावायची, आन तिच्यापायी तुझं कॉलेज जाऊ द्यायचं. ते काय मला जमलं न्हाय. पण त्या पोरीला तिच्या सरानं सगळ्यांदेखत खोटी म्हणलं. मी चार हातांवर हुतो."

"मी पण होते, सर."

"व्हय. आता तूबी हुतीस."

ते भिंतीला धरून उठले. मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही, पण झिडकारलाही नाही. दारापर्यंत आले. पायरीवर मी चप्पल घालत होते तेव्हा मागून म्हणाले, "फी अजून माफ हाय ना?"

"आहे. या वर्षापर्यंत."

"मग सोडू नको. त्या पोरीचं बी गेलं आन तुझं बी गेलं, तर मग हे सगळं कशापायी केलं आपण?"

'आपण' असं ते म्हणाले. मी खाली उतरून चालायला लागले. मागं वळून बघितलं तर ते दारातच उभे होते, हात चौकटीला टेकून.

परीक्षेचा फॉर्म भरायचा दुसरा दिवस शेवटचा होता. मी राहिलेल्या दोन विषयांसकट भरला. खिडकीतल्या मॅडमनी कागद चाळले आणि विचारलं, "फीमाफीसाठी राज्य स्पर्धेच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स?"

मी पिशवीतून काढून दिली.